कार्यालय मुंबईबाहेर कायमचे हलवायचे, तर नेमके काय काय हलवावे लागते?

वर्धारोड

दर डिसेंबरला सरकार नागपूरला येते आणि दर डिसेंबरला तीच मागणी पुन्हा होते: एखादे आयुक्तालय, एखादे संचालनालय, जमलेच तर मंत्रालयातला अख्खा विभाग कायमचा इकडे आणा. आधार जुनाच आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात दोन गोष्टी लिहिल्या होत्या. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे, आणि शासनाने ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात मुक्काम हलवायचा. अधिवेशन १९६० पासून होत आले (काही अपवाद झाले, जसे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली). शासनाच्या मुक्कामाचे मात्र अधिवेशनापुरतेच राहिले.

कराराचा अर्थ काय यावर इथे पुष्कळ धागे झाले आहेत. हा धागा फक्त कामाचा ठेवूया. समजा १२० पदांचे एक राज्यस्तरीय कार्यालय मुंबईहून नागपूरला न्यायचे ठरले. शासन निर्णय निघाल्यापासून नागपुरात पहिली नस्ती (फाईल) सुटेपर्यंत काय काय करावे लागते, आणि कुठे अडते? आस्थापना, लेखा, अभिलेख, बांधकाम यातली जाणकार मंडळी इथे आहेत. सविस्तर लिहा.

बोरीबंदर

आधी अधिवेशनात काय हलते ते सांगतो, म्हणजे कायमच्या हलवाहलवीतला फरक कळेल.

अधिवेशनाला विभाग हलत नाही, विभागाचा एक तुकडा हलतो. मंत्री, सचिव, ज्यांचे प्रश्न लागले आहेत त्या कार्यासनांचे (विभागातल्या एकेका विषयाच्या शाखांचे) उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी आणि थोडे सहायक. मुख्यमंत्री रामगिरी बंगल्यावर, त्यांचे सचिवालय हैदराबाद हाऊसमध्ये, मंत्री रविभवनात, राज्यमंत्री नागभवनात, कर्मचारी '१६० गाळे' या वसाहतीत. विभागाच्या पेटीत जाते ते असे: तारांकित प्रश्नांची उत्तरे व त्यांच्या पूरक टिपण्या, जिल्हानिहाय तक्ते, आधीच्या अधिवेशनांतल्या आश्वासनांची यादी, मुख्य शासन निर्णयांचा संच, पुरवणी मागण्यांचे कागद, शिक्के, प्रिंटर, टोनर. मूळ नस्त्या बहुतेक मुंबईतच राहतात.

अडचण रात्री होते. विधानसभा नियम १०५ ची लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आहे हे आदल्या संध्याकाळी कळते. उत्तराचा मसुदा आधी झालेला असतो, पण मंत्री ब्रीफिंगच्या वेळी विचारतात, "२०१६ ला या गावाला नकार का दिला होता?" तो नकार नस्तीच्या टिपणी भागात (अधिकाऱ्यांचे शेरे असतात तिथे) असतो आणि नस्ती मुंबईच्या कपाटात. मग मुंबईत थांबवून ठेवलेला सहायक ती नस्ती काढून पानांचे फोटो पाठवतो. म्हणून जाणता कक्ष अधिकारी निघण्यापूर्वी संभाव्य लक्षवेधींच्या नस्त्यांची शेवटची पंधरा-वीस टिपणी पाने स्कॅन करून सोबत घेतो. पत्रव्यवहाराचा भाग नेला नाही तरी चालते, टिपणी भाग लागतोच.

विधानमंडळ सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष जानेवारी २०२१ मध्ये नागपूर विधानभवनात सुरू झाला. ते विधानमंडळाचे सचिवालय आहे. मंत्रालयीन विभागांची अशी सोय तिथे नाही.

पाषाण रस्ता

कोणते कार्यालय हलवायचे यावर निम्मे यश ठरते. पुण्याकडे पाहा. साखर आयुक्त, सहकार आयुक्त, कृषी आयुक्त, शिक्षण आयुक्त, जमाबंदी आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक, कारागृह मुख्यालय, राज्य सीआयडी ही सगळी राज्यस्तरीय कार्यालये पुण्यात आहेत आणि त्यामुळे काम अडलेले नाही. कारण सरळ आहे. कायद्याने अधिकार त्या पदाला दिलेला आहे. साखर कारखान्याला गाळप परवाना साखर आयुक्त देतात. सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली निबंधक म्हणून आदेश सहकार आयुक्त काढतात. तो अधिकारी जिथे बसतो तिथे निर्णय होतो, अर्जदारही तिथेच जातो.

मंत्रालयीन विभागाचे तसे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ खालच्या कार्यनियमावलीप्रमाणे नस्ती कार्यासनातून वर चढत सचिव आणि मंत्र्यांपर्यंत जाते, आणि निर्णय तिथे होतो. मंत्री मुंबईत आणि सचिव नागपुरात अशी रचना केली तर सचिव आठवड्यातून तीन दिवस विमानात असतील. उपसचिव नागपुरात ठेवले तर ते टपाल पुढे पाठवणारे कार्यालय होईल. म्हणून मंत्रालयातला विभाग हलवा ही मागणी मला चुकीची वाटते. विभागप्रमुखाचे कार्यालय हलवा, आणि हलवण्यापूर्वी त्याला आणखी अधिकार प्रदान करा.

नागपुरात हे जमलेले आहेच. वन विभागाचे मुख्यालय वनभवनात आहे, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरात आहे. जंगल गडचिरोली-चंद्रपुरात, कोळसा-लोखंड विदर्भात, म्हणून मुख्यालयही तिथे शोभते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे, तेही त्याच न्यायाने.

आस्थापना मेज

पाषाण रस्ता यांना पूर्ण अनुमोदन. आता माणसांचे बघू.

मंत्रालयातील लिपिक, सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव हा स्वतंत्र संवर्ग (केडर) आहे आणि त्याची पदे मंत्रालयात आहेत. त्यातला माणूस नागपूरच्या पदावर पाठवला तर तो दुसऱ्या दिवसापासून परतीच्या मार्गाला लागतो, कारण त्याच्या संवर्गातली बाकी सगळी पदे मुंबईत आहेत. विभागप्रमुखांच्या कार्यालयाची आस्थापना वेगळी असते, तिची क्षेत्रीय कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत असतात. तिथे बदली, पदोन्नती, परत येण्याची वाट हे सगळे एकाच संवर्गात बसते.

१२० पदांच्या कार्यालयासाठी क्रम असा धरा.

मुख्यालय बदलाचा शासन निर्णय काढताना आकृतिबंध (पदांचा तक्ता) त्याच निर्णयाला जोडा: कोणती पदे जाणार, कोणती मुंबईत राहणार, कोणती रद्द होऊन नागपुरात नव्याने निर्माण होणार. इथेच मोठी चूक होते. 'कार्यालय स्थलांतरित करण्यास मान्यता देण्यात येत आहे' एवढेच लिहून निर्णय काढतात आणि पदांचे 'स्वतंत्रपणे' म्हणून सोडून देतात. मग वित्त विभाग विचारतो की पदे स्थलांतरित आहेत की नवनिर्मित. नवनिर्मित असतील तर उच्चस्तरीय सचिव समितीकडे जावे लागते. त्यात सहा महिने सहज जातात, आणि तोवर मुंबईची जागा रिकामी करायची नोटीस आलेली असते.

त्यानंतर प्रत्येकाकडून लेखी विकल्प घ्या: नागपूरला जाण्यास तयार, मुंबईतल्या दुसऱ्या कार्यालयात समायोजन हवे, किंवा स्वेच्छानिवृत्ती. विकल्पाला मुदत हवी, आणि ज्येष्ठतेचे काय होईल ते विकल्पपत्रावरच छापलेले हवे. ज्येष्ठता धोक्यात आहे असे वाटले की माणूस सही करत नाही.

जाण्यास तयार किती होतील? कमी धरा. अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याचे मुख्यालय २०१९ मध्ये वॉशिंग्टनहून कोलोराडोतल्या ग्रँड जंक्शन गावी न्यायचे ठरले. ३२८ पदे पश्चिमेकडच्या राज्यांत हलवायची होती. २८७ जणांनी नोकरी सोडली किंवा निवृत्ती घेतली, ४१ जण हलले, आणि त्यातले ग्रँड जंक्शनला प्रत्यक्ष गेले तिघे. २०२१ मध्ये मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणायचे ठरले. खाते कागदावर हलले होते, पण जुनी प्रकरणे ज्यांच्या डोक्यात होती ती माणसे गेली होती. आपल्याकडे नोकरी कोणी सोडणार नाही, दीर्घ रजा आणि बदलीचे अर्ज येतील. परिणाम तोच.

म्हणून नागपूर-अमरावती विभागातले इच्छुक आधीपासून भरा आणि मुंबईच्या मेजावर चार-सहा महिने शेजारी बसवा. मेज हस्तांतरित झाले की नस्तीसोबत तिचा इतिहासही जातो.

बदल्यांचा २००५ चा अधिनियम पाळायचा, म्हणजे आदेश एप्रिल-मेमध्ये. मुलांच्या शाळेचेही त्यात बसते. पती-पत्नी एकत्रीकरणाची प्रकरणे वेगळी काढून आधी निकाली काढा, नाहीतर प्रशासकीय न्यायाधिकरणात पहिला अर्ज त्यांचाच येतो.

देयक नोंद

लेख्याची बाजू कोणी मनावर घेत नाही आणि पहिल्या महिन्याचा पगार थांबतो. मुंबईतल्या कार्यालयाची देयके अधिदान व लेखा कार्यालयात जातात. नागपुरात ती जिल्हा कोषागारात जातील. म्हणजे:

आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा (देयके काढून पैसे वाटणाऱ्याचा) नवा सांकेतांक लागतो, आणि तो बीम्समध्ये (अनुदान वाटपाच्या संगणक प्रणालीत) लेखाशीर्षाशी जोडला गेला नाही तर अनुदान दिसतच नाही. सेवार्थमध्ये (पगाराच्या संगणक प्रणालीत) प्रत्येक कर्मचारी जुन्या कार्यालयातून डिटॅच आणि नव्यात अटॅच करावा लागतो, सोबत अंतिम वेतन प्रमाणपत्र. महिन्याच्या मध्यावर डिटॅच केले आणि अटॅच राहिले, तर तो माणूस दोन्ही देयकांतून गळतो. महिना संपला की एकाच दिवशी सर्वांचे करा. एनपीएसवाल्यांचे (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतल्यांचे) प्रान खाते नव्या संवितरण अधिकाऱ्याकडे वळवा, नाहीतर कपात होते पण जमा दिसत नाही.

महालेखापाल कार्यालये राज्यात दोन आहेत, मुंबई आणि नागपूर. विदर्भ-मराठवाड्याचे काम नागपूरकडे. भविष्य निर्वाह निधीची खाती आणि निवृत्तिवेतन प्रकरणे मुंबईकडून तिकडे जातात आणि अर्ध्या वाटेत हरवतात. ज्यांची निवृत्ती पुढच्या दोन वर्षांत आहे, त्यांची सेवापुस्तके पडताळून मुंबईतच पुरी करा. गहाळ नोंद (वेतनवाढ, विनावेतन रजा, वेतननिश्चिती) मुंबईत शोधली तर एका दिवसात सापडते. नागपुरातून पत्र लिहून शोधायची तर तिला वर्ष लागते.

घरभाडे भत्त्याचेही सांगून टाका. शहरांच्या वर्गवारीत मुंबई एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात. सातव्या वेतन आयोगात मूळ दर २४ आणि १६ टक्के, महागाई भत्त्याच्या टप्प्याप्रमाणे ते ३० आणि २० पर्यंत जातात. म्हणजे भत्ता एक तृतीयांशाने उतरतो. नागपुरात घर स्वस्त आहे हे खरे. पण ज्याने बदलापूरला कर्ज काढून घर घेतले आहे त्याचा हप्ता उतरत नाही. स्थलांतरात स्वेच्छेने जाणाऱ्याला पहिली दोन वर्षे हा फरक भरून देण्याची तरतूद प्रस्तावातच मागा. १२० माणसांत ही रक्कम फार मोठी होणार नाही, आणि अर्धा विरोध तिथेच मावळेल.

आवक जावक

अभिलेखाबद्दल लिहितो. इथे वेळ सर्वांत जास्त लागतो.

आधी सहा गठ्ठे पद्धतीने (कागद सहा गठ्ठ्यांत विभागून) प्रत्येक मेज वेगळे करा. नष्ट करायचा गठ्ठा आणि अभिलेख कक्षात जायचा गठ्ठा बाजूला निघाला की मगच मोजणी करा. निंदणी (नको असलेले कागद वेगळे काढणे) न करता पॅकिंग केले तर १९८० च्या किरकोळ रजा अर्जांचा वाहतूक खर्च सरकारी तिजोरीतून जातो. जपण्याच्या मुदतीप्रमाणे अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा. क आणि ड मधले मुदत संपलेले यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट करा. न्यायप्रविष्ट, लेखापरीक्षण आक्षेप असलेले आणि चौकशीतले कागद मुदत संपली तरी हात लावू नका.

मग मोजमाप. नस्त्या उभ्या लावल्या तर एक मीटर लांबीच्या फळीवर साधारण ४५ किलो कागद बसतो. १,००० मीटर अभिलेख म्हणजे ४५ टन. एका खोक्यात ३५ सेंटिमीटर नस्त्या भरल्या तर खोके १६ किलोच्या आसपास होते, एक माणूस उचलू शकतो. त्यापेक्षा मोठे खोके घेऊ नका, तळ फाटतो. असे २,८५० च्या पुढे खोके होतात. प्रत्येकावर कार्यासन, खोके क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या नस्तीचा क्रमांक लिहा. यादी तीन प्रतींत: एक खोक्यात, एक पाठवणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. यादीत नस्तीच्या टिपणी भागाची आणि पत्रव्यवहाराची पृष्ठसंख्या वेगवेगळी लिहा. पेन्सिलीने पाने क्रमांकित केल्याशिवाय नस्ती खोक्यात जाता कामा नये. पुढे एखादे पान नाही असे निघाले, तर ते मुंबईतच नव्हते की वाटेत गेले हे फक्त त्या आकड्यावरून कळते.

"सगळे स्कॅन करा, कागद न्यायची गरजच काय" असे कोणी म्हणेल. चालू नस्त्या ३०० मीटर धरा. मीटरला सात हजार पाने म्हणजे २१ लाख पाने. टॅग सोडणे, टाचण्या काढणे, दुमडलेले कोपरे उघडणे, पुन्हा बांधणे हे धरून एका स्कॅनरवर दिवसाला पाच हजार पाने होतात. चार स्कॅनर लावले तर १०५ कामाचे दिवस, म्हणजे पाच महिने. करावेच, पण निर्देशांकासकट. नुसती ४०० पानांची एक पीडीएफ ई-ऑफिसला (नस्त्यांच्या संगणक प्रणालीला) चढवली तर ती कोणी उघडत नाही. टिपणी भाग वेगळा, पत्रव्यवहार वेगळा, प्रत्येक पत्राला क्रमांक आणि दिनांक. मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या नस्त्या जळाल्या, आणि मग क्षेत्रीय कार्यालयांतल्या प्रतींवरून त्या उभ्या कराव्या लागल्या. ज्यांची नोंदवही नीट होती त्यांना काय काय मागवायचे ते तरी कळत होते.

पाया ते गच्ची

इमारतीचे दोन मुद्दे.

अभिलेख कक्ष वरच्या मजल्यावर टाकू नका. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या कार्यालयीन खोलीची फरशी चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २५५ किलो भारासाठी धरतात. नस्त्यांच्या खोलीसाठी ५ किलोन्यूटन. उघड्या रॅकमध्ये दोन्ही बाजूंनी सहा फळ्या आणि मधला रस्ता धरून चौरस मीटरला साडेतीनशे ते चारशे किलो होतात. कार्यालयीन खोलीत हे बसत नाही, नस्त्यांच्या खोलीत बसते. सरकते कॉम्पॅक्टर (रुळांवरून एकमेकांना चिकटवता येणारी कपाटे) लावले की मधले रस्ते जातात आणि भार सातशेच्या पुढे जातो. जागा वाचते म्हणून पहिल्या मजल्यावर कॉम्पॅक्टर बसवतात आणि दोन वर्षांत खालच्या छताला तडे दिसतात. कॉम्पॅक्टर तळमजल्यावरच, जोते उंच असलेल्या खोलीत, भिंतीपासून अर्धा फूट सोडून, आणि बांधकामापूर्वी वाळवी प्रतिबंधक प्रक्रिया केलेली असेल तर.

दुसरा मुद्दा पाण्याचा आणि विजेचा. ६ जुलै २०१८ ला नागपुरात पावसाळी अधिवेशन चालू होते. मुसळधार पाऊस झाला, विधानभवनाच्या वीज स्विचिंग कक्षात पाणी शिरले, वीज गेली आणि कामकाज तहकूब करावे लागले. कारण साधे होते, वीजकक्ष सखल जागी. नवी जागा पाहताना पॅनेल खोली, सर्व्हर आणि जनरेटर यांची जमिनीपासूनची उंची स्वतः टेप लावून मोजा.

अजून एक, नागपूरचे म्हणून. उन्हाळ्यात ४५ अंश तापमानात सगळीकडे कूलर लागतात. अभिलेख कक्षात कूलर कधीही लावू नका. ओल्या हवेने महिन्याभरात बांधणीच्या कडेला पांढरट बुरशी धरते. तिथे एक्झॉस्ट पंखा पुरे.

बोरीबंदर

हे सगळे मान्य केले तरी एक बाजू राहते. सिंधुदुर्गातल्या माणसाने सुनावणीसाठी नागपूरला जायचे? मुंबई-नागपूरच रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण उघडला, त्याने विदर्भ-मराठवाडा जवळ आला, तळकोकण नाही. नागपूर राज्याच्या पूर्व टोकाला आहे. मुंबई पश्चिम टोकाला आहे म्हणून विदर्भाची जी तक्रार आहे, तीच उलटी करून कोकणाला देण्यात न्याय नाही.

पाषाण रस्ता

तक्रार रास्त आहे. म्हणूनच सुनावणीचे अधिकार विभागीय स्तरावर उतरवल्याशिवाय मुख्यालय हलवू नये असे माझे म्हणणे आहे. माहिती आयोगाची खंडपीठे नागपूर, पुणे, अमरावती, नाशिक अशी विभागलेली आहेत. प्रशासकीय न्यायाधिकरणाची मुंबई, नागपूर, औरंगाबाद. अपील ऐकणारा अपर आयुक्त कोकण विभागात ठेवा, मुख्यालय कुठेही असू दे.

दरबार मूव्हचा दाखला नेहमी दिला जातो म्हणून लिहितो. जम्मू-काश्मीरमध्ये १८७२ पासून सचिवालय उन्हाळ्यात श्रीनगर, हिवाळ्यात जम्मू असे हलायचे. सुमारे दहा हजार कर्मचारी आणि ट्रकभर नस्त्या, वर्षातून दोनदा. २०२० मध्ये उच्च न्यायालयाने या प्रथेच्या गरजेवरच प्रश्न उभा केला. २०२१ मध्ये ई-ऑफिस पूर्ण झाले म्हणून ती बंद केली, वर्षाला २०० कोटी वाचतील असे सांगितले गेले. त्यावर जम्मूच्या बाजारपेठेतून मोठी ओरड झाली आणि नोव्हेंबर २०२५ ला कार्यालये पुन्हा जम्मूत उघडली. कागद पडद्यावर आला तरी सरकार आपल्या गावात बसलेले असावे ही लोकांची मागणी राहिली. ती भावना विदर्भातही तितकीच खरी आहे आणि तिला हिशेबाच्या बाहेर ठेवून चालणार नाही.

वर्धारोड

खूप मोलाची माहिती मिळाली, सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: प्रत्यक्ष हलवायचे कोणत्या महिन्यात? आणि न्यायालयीन प्रकरणांचे काय करायचे?

आस्थापना मेज

मार्च वर्ज्य, अनुदान खर्चाची घाई असते. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशनाचे आठवडे वर्ज्य. बदली आदेश मेमध्ये, अभिलेख मेच्या शेवटच्या पंधरवड्यात पाऊस लागण्याआधी, माणसे १ जूनपासून. अर्धे खोके जूनच्या पावसात ताडपत्रीखाली उतरवायची वेळ आणू नका. एका वेळी दोन कार्यासने हलवा. आस्थापना आणि लेखा शाखा सर्वांत शेवटी जाव्यात, कारण बाकीच्यांचे पगार त्यांच्याकडून निघतात.

न्यायालयीन प्रकरणांची यादी तीन भागांत करा: उच्च न्यायालयाचे मुंबई मुख्यपीठ, नागपूर व औरंगाबाद खंडपीठ आणि कोल्हापूर सर्किट बेंच, न्यायाधिकरण. मुंबईतली चालू प्रकरणे मुंबईतच चालतील. तिथल्या सरकारी वकिलांना शपथपत्र करून देणारा एक कक्ष अधिकारी आणि दोन सहायक मुंबईत ठेवा, आणि ही तीन पदे आकृतिबंधातच दाखवा. त्यांच्याकडे मूळ नस्त्यांच्या साक्षांकित प्रती हव्यात.

आवक जावक

त्यात भर. जुन्या पत्त्यावर आवक शाखेचा एक लिपिक किमान सहा महिने बसवा, शिक्क्यासकट. माहिती अधिकाराचे अर्ज आणि न्यायालयाच्या नोटिसा जुन्याच पत्त्यावर येत राहतात, आणि तीस दिवसांची मुदत अर्ज मुंबईत मिळाल्या दिवसापासून मोजली जाते. आलेले टपाल त्याच दिवशी नोंदवून, स्कॅन करून नागपूरला पाठवायचे, मूळ प्रत आठवड्यातून एकदा स्पीड पोस्टने. दारावर नवा पत्ता, जन माहिती अधिकाऱ्याचे पदनाम आणि दूरध्वनी लावा. कागदावर छापून नको, पत्र्याच्या पाटीवर. कागद पहिल्याच पावसात जातो.